इनॉक्युलंट दुप्पट केलं, तरी शेवटच्या बॉक्सच्या कडा पांढऱ्याच

करडं_बीड:

नमस्कार मंडळी. मी ग्रे आयर्नच्या (करड्या बिडाच्या) एका छोट्या फाउंड्रीत क्वालिटी सांभाळते. गेले दोन महिने एकाच कास्टिंगने छळलं आहे. माझ्याकडचे सगळे आकडे देते, कुठे चुकतंय ते कृपया सांगा.

पार्ट म्हणजे पंपाचं कव्हर, ग्रेड २५० (टेन्साइल ताकद किमान २५० मेगापास्कल). कास्टिंग १४ किलोचं, रनर-रायझर धरून बॉक्सला साधारण १९ किलो मेटल लागतं. मधला बॉस ४० मिमी जाड, पण फ्लँजची कड फक्त ५ मिमी. मोल्ड ग्रीन सँडचे (ओलसर वाळूचे). इंडक्शन भट्टी ५०० किलोची आहे. २५० किलोच्या लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) टॅप करतो, म्हणजे भट्टीतून मेटल काढतो, आणि एका लॅडलमधून १२ बॉक्स भरतो.

तक्रार मशीन शॉपकडून आली. फ्लँजच्या कडेला हार्ड स्पॉट, इन्सर्ट तुटतात. आम्ही कड फोडून बघितली तर टोकाला २-३ मिमी चकचकीत पांढरं आणि त्याच्या आत करडं. चिल (झपाट्याने गार होऊन पांढरं, कडक थिजलेलं बीड) आहे हे उघड दिसलं. बॉक्सला नंबर घालून पाहिलं, तर चिल मुख्यतः शेवटच्या तीन-चार बॉक्समध्ये निघालं.

इनॉक्युलंट (बीड करडं थिजावं म्हणून शेवटी घालतात ती भर) आम्ही साधं वापरतो, कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमवालं ७५ टक्के फेरोसिलिकॉन. प्रमाण ०.३ टक्के होतं, म्हणजे लॅडलला ७५० ग्रॅम. सगळ्यांचं मत पडलं की वाढवा, म्हणून ०.६ केलं. आता लॅडलला दीड किलो जातं. झालं असं की शेवटच्या बॉक्समधलं चिल थोडं कमी झालं, गेलं नाही. उलट पहिल्या चार-पाच बॉक्समध्ये बॉसच्या पोटात बारीक पोकळ्या दिसायला लागल्या, ज्या आधी कधीच नव्हत्या. टेस्ट बारचं टेन्साइल २६२ वरून २४१ मेगापास्कलवर आलं.

आत्ताचं फायनल अ‍ॅनालिसिस: (टक्क्यांत) कार्बन ३.३०, सिलिकॉन २.२० (आधी १.९७), मँगनीज ०.६५, सल्फर ०.०३, फॉस्फरस ०.०५, क्रोमियम ०.०८.

मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते ती वेज, म्हणजे चिल मोजायला ओततात तो पाचरीसारखा नमुना, फोडून त्यातला पांढरा भाग मोजतात. इनॉक्युलंट घालायच्या आधी वेजमध्ये पांढरा भाग ११ मिमी येतो आणि घातल्यावर ३ मिमी. म्हणजे इनॉक्युलंट काम करतंय. मग कास्टिंग पांढरं का होतंय?


लेथवाला:

ताई, मी मशीन शॉपचा माणूस, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून सांगतो. करडं बीड कापताना चिप भुग्यासारखी सुटते आणि ग्राफाइटने बोटं काळी होतात. पांढरी कड आली की आधी आवाज बदलतो, किंचाळल्यासारखा येतो, मग कडेवर चकाकी दिसते आणि इन्सर्टचा कोपरा उडालेला असतो. तो भाग म्हणजे सिमेंटाइट. ८०० विकर्सच्याही वरचा कडकपणा, त्याला आमचं नेहमीचं टूल टिकत नाही.

तुमच्या इन्स्पेक्शनबद्दल एक विचारायचं आहे. ब्रिनेल हार्डनेस तुम्ही बॉसवर घेत असाल. बॉस ४० मिमीचा, तिथे चांगल्या कास्टिंगलाही २०० च्या आसपास येईल आणि चिल आलेल्यालाही तेवढाच येईल. आमच्याकडे असे पार्ट हार्डनेसचा 'ओके' रिपोर्ट घेऊनच येतात. शक्य असेल तर कडेवर फाइल मारून बघायला लावा. चांगल्या कडेवर फाइल धरते, चिलवर नुसती घसरते. दहा सेकंदांचं काम आहे.

आधीच ओतलेले पार्ट अनील करून (तापवून नरम करून) वाचवता येतील का, हे जाणकारांनी सांगावं.


जुना ओतारी:

ताई, आकडे नीट दिलेत, त्याबद्दल खरंच आभार. नाहीतर 'चिल येतंय, काय घालू' एवढ्या एका ओळीवर कोणी काही सांगू शकत नाही. उत्तर द्यायच्या आधी मला चार गोष्टी हव्यात.

वेज नेमकी कधी ओतता? इनॉक्युलंट घातल्यापासून बारावा बॉक्स भरेपर्यंत किती मिनिटं जातात, आणि तेव्हा मेटलचं तापमान किती असतं? इनॉक्युलंट लॅडलच्या तळाशी आधी टाकून ठेवता की टॅपिंगच्या धारेत? आणि दोन महिन्यांपूर्वी चार्जमध्ये काय बदललं? सल्फर ०.०३ पाहून मला शंका येते आहे.


करडं_बीड:

काका, आज स्वतः घड्याळ घेऊन लाइनवर उभी राहिले.

वेज टॅप झाल्या झाल्या, पहिल्या बॉक्सच्याही आधी ओततो. इनॉक्युलंट घातल्यापासून बारावा बॉक्स संपेपर्यंत १४ मिनिटं लागली. पहिला बॉक्स १३९० अंशांना, बारावा १२९० ला. इनॉक्युलंट रिकाम्या लॅडलच्या तळाशी आधी टाकून ठेवतात, म्हणजे 'वेळ वाचतो'.

चार्ज बदललाय हे खरं आहे. आधी पिग आयर्न असायचं. आता ते पूर्ण बंद आहे, स्टील स्क्रॅप ६० टक्के, बाकी घरचं रिटर्न (रनर-रायझर, रद्द कास्टिंग) आणि कार्बनसाठी सिंथेटिक रिकार्बरायझर. जुनी रजिस्टरं काढली, तेव्हा सल्फर ०.०७ च्या आसपास असायचा. अजून एक: मोल्डिंग लाइन मागे पडली की मेटल भट्टीतच १५०० च्या वर धरून ठेवतात. आज ४० मिनिटं धरलं होतं.


जुना ओतारी:

आता चित्र स्पष्ट झालं. वेळ काढून लिहितो, कारण हीच चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि प्रत्येक ठिकाणी उपाय म्हणून डोसच वाढवलेला असतो.

बीड थिजताना त्याच्यापुढे दोन वाटा असतात. कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा पडला तर करडं, लोखंडाशी बांधला जाऊन सिमेंटाइट झाला तर पांढरं. नुसत्या लोखंड-कार्बनमध्ये या दोन वाटांच्या तापमानात जेमतेम सहा अंशांचं अंतर असतं, ग्राफाइटची वाट ११५४ च्या आसपास आणि कार्बाइडची ११४८ ला. सिलिकॉन हे अंतर रुंद करतं, दोन टक्के सिलिकॉनला ते तीस-चाळीस अंशांवर जातं. आपल्याला खेळायला जागा मिळते ती एवढीच. आणि मेटल ग्राफाइटच्या तापमानाखाली उतरलं म्हणून ग्राफाइट लगेच जन्माला येत नाही. त्याला बसायला एखादा बारीक कण लागतो. कण कमी असतील तर मेटल न थिजताच आणखी खाली उतरत जातं. बॉसमध्ये थंडावा सावकाश येतो, म्हणून तिथे थोड्या कणांवरही भागतं. तुमची ५ मिमीची कड मात्र इतक्या झपाट्याने गार होते, की ग्राफाइटची सुरुवात होण्याआधीच तापमान कार्बाइडच्या रेषेखाली गेलेलं असतं. एकाच कास्टिंगमध्ये कड पांढरी आणि पोट करडं, ते यामुळे.

इनॉक्युलंट हे कण पुरवतं. फेरोसिलिकॉन त्यातलं वाहन आहे, काम करतात ते त्यातले थोडेसे कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम. मेटलमधल्या ऑक्सिजनशी आणि सल्फरशी जुळून ते सूक्ष्म कण तयार करतात आणि त्यांच्यावर ग्राफाइट उगवतं. हे मी अनुभवाने शिकलो. एकदा स्टोअरमधून चुकून सिलिकॉन वाढवायसाठी आणलेलं शुद्ध फेरोसिलिकॉन लॅडलवर आलं. सिलिकॉन तेच ७५ टक्के, खडा तसाच, रंग तोच. सकाळपासून वेज हलेचना, १० च्या खाली येईना. आम्ही भट्टी तपासली, स्क्रॅप तपासला, पायरोमीटर बदलला. संध्याकाळी पिशवीवरचं सर्टिफिकेट वाचलं तेव्हा कळलं, कॅल्शियम ०.१ टक्क्याहूनही कमी. कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम नसलेलं फेरोसिलिकॉन इनॉक्युलंट म्हणून जवळपास निरुपयोगी असतं. तेव्हापासून प्रत्येक लॉटचं सर्टिफिकेट मी स्वतः बघतो. तुम्हीही बघा.

आता तुमच्या वेजकडे येतो. वेज खोटं बोलत नाही, पण ती पहिल्या मिनिटाचं सांगते आणि तुम्ही बारावा बॉक्स चौदाव्या मिनिटाला भरता. इनॉक्युलंटचा असर टिकाऊ नसतो. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, वर तरंगून मळीत जातात, विरघळतात. असरातला मोठा हिस्सा पहिल्या काही मिनिटांतच जातो आणि साध्या कॅल्शियमवाल्या इनॉक्युलंटचा पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळाच. आपण याला फेडिंग म्हणतो. सिलिकॉन कुठेही जात नाही, स्पेक्ट्रोवर (रासायनिक तपासणीच्या यंत्रावर) तो शेवटपर्यंत तसाच दिसतो. म्हणून अ‍ॅनालिसिस पाहून फेडिंग कधीच कळत नाही. उद्या एक करा: एकाच लॅडलमधून तीन वेज ओता. पहिल्या बॉक्सबरोबर, सहाव्याबरोबर आणि बाराव्याबरोबर. तिन्ही फोडून शेजारी ठेवा आणि पोरिंगच्या लोकांना दाखवा. माझं सांगणं ऐकण्यापेक्षा त्या तीन तुकड्यांनी त्यांना जास्त कळेल.

दुसरी गोष्ट सल्फर. ग्रे आयर्नमध्ये सल्फर शत्रू आहे असं नव्या पोरांना वाटतं, कारण एसजीमध्ये (गोल ग्राफाइटच्या बिडात) तो खरोखरच शत्रू आहे. पण करड्या बिडात ग्राफाइट ज्या कणांवर बसतं ते बहुतेक मँगनीज सल्फाइडचे असतात, पोटात ऑक्साइडचा गाभा आणि वर सल्फाइड. सल्फर ०.०५ च्या खाली गेला की इनॉक्युलंटला धरायला काही उरत नाही. कितीही ओता, प्रतिसाद दुबळाच. तुमचा ०.०३ आहे. पिग आयर्न बंद करून स्टील स्क्रॅप आणि कमी सल्फरचा रिकार्बरायझर आणला, त्या दिवशी तुमच्या मेटलमधला सल्फर अर्ध्याहून खाली आला. वर ते १५०० ला ४० मिनिटं शिजवलंत. साधारण १४५० च्या वर मेटलमधला कार्बन सिलिकाच्या कणांना खाऊन टाकतो. म्हणजे आधीच उपाशी मेटल, त्यातले उरलेसुरले कणही जळाले. टॅप व्हायच्या आधीच वेज ११ मिमी येते, ती याचीच खूण आहे. २५० ग्रेडच्या या अ‍ॅनालिसिसला माझ्या अनुभवात ती ६-७ च्या आसपास हवी.

डोस दुप्पट केल्याने काय झालं? ०.३ टक्के जास्त इनॉक्युलंट म्हणजे ०.२२ टक्के जास्त सिलिकॉन, ते तुमच्या अ‍ॅनालिसिसमध्ये दिसतंच आहे. कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा एक तृतीयांश) ३.९७ वरून ४.०५ वर गेलं. ग्राफाइट वाढलं, फेराइट (लोखंडाचा नरम घटक) वाढलं, टेन्साइल उतरलं. २४१ मागे हे आहे. बेस मेटलचं सिलिकॉन तेवढं कमी न करता डोस वाढवला की हे होणारच. आणि पहिल्या बॉक्समधल्या पोकळ्या: तिथे इनॉक्युलंट ताजं आहे, पूर्ण जोरात आहे. युटेक्टिक सेल (ग्राफाइट जिथून वाढतं ती केंद्रं) भराभर जन्मतात, ग्राफाइटचं प्रसरण लवकर आणि एकदम होतं, ते मोल्डच्या भिंतीला बाहेर ढकलतं. ग्रीन सँडचा मोल्ड थोडा सरकतो, साच्याची जागा वाढते आणि शेवटी थिजणाऱ्या बॉसला मेटल कमी पडतं. एकाच लॅडलमध्ये पहिल्या बॉक्सला अति आणि शेवटच्याला कमी, अशी तुमची अवस्था झाली आहे.

मी असतो तर या क्रमाने केलं असतं.

मेटल भट्टीत धरणं थांबवा. लाइन मागे असेल तर भट्टीची पॉवर कमी करा, १४०० च्या आसपास ठेवा आणि टॅपच्या आधी चढवा. आणीबाणीत धरलंच तर टॅपच्या आधी थोडं रिटर्न किंवा पिग आयर्न टाकून मेटल ताजं करा. चार्जमध्ये थोडं सिलिकॉन कार्बाइड गेलं तर बेस मेटलमध्ये कण टिकायला मदत होते, हे मी अनेक भट्ट्यांवर पाहिलं आहे.

सल्फर ०.०६ ते ०.०७ वर आणा, आयर्न सल्फाइडने. पायराइटमध्ये सल्फर वजनाच्या साधारण निम्मा असतो, त्यामुळे ५०० किलोच्या हीटला ३५० ते ४०० ग्रॅम लागेल. एकदम पूर्ण टाकू नका, निम्मं टाकून स्पेक्ट्रोवर बघा. धूर उग्र असतो, वरचा एक्झॉस्ट चालू ठेवा आणि भट्टीवरच्या माणसाला मास्कशिवाय उभं करू नका. मँगनीजसाठी जुना हिशोब आहे: सल्फरच्या १.७ पट अधिक ०.३. ०.०६५ सल्फरला किमान ०.४१ लागतं, तुमच्याकडे ०.६५ आहे, पर्लाइटसाठी (ताकद देणाऱ्या घटकासाठी) तेवढं जास्त ठीक आहे. हे रिटर्न एसजीच्या भट्टीत जाता कामा नये, तिथे सल्फर मॅग्नेशियम खाऊन टाकेल.

लॅडल लहान करा. २५० किलो एकदम घेण्याऐवजी १२५-१२५ चे दोन टॅप, प्रत्येकी सहा बॉक्स. चौदाची सात मिनिटं होतील आणि शेवटचा बॉक्स १२९० ला भरावा लागणार नाही. हे करायला नवं काहीच लागत नाही, आणि सगळ्यात जास्त फायदा यातूनच होईल.

इनॉक्युलंट तळाशी टाकून ठेवणं बंद करा. गरम लॅडलच्या तळाला ते मळीत चिकटतं, अर्धं तिथेच राहतं. टॅपिंग सुरू होऊन लॅडल पाव भरला की धारेत सोडायला लागा आणि पाऊण भरेपर्यंत संपवा. कोरडंच हवं. ओलसर पिशवी उघडी पडलेली असेल, तर आत अ‍ॅल्युमिनियम असल्यामुळे हायड्रोजनचे पिनहोल बोनस मिळतील.

मग लॅडलला ०.२५ टक्के बेरियमवालं घ्या, त्याचा असर साध्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. आणि ०.१ टक्का पोरिंगच्या धारेत. १९ किलोच्या बॉक्सला १९ ग्रॅम. दाणा ०.२ ते ०.७ मिमीचा, याहून जाड असेल तर तो विरघळायच्या आधीच मोल्डमध्ये जाईल आणि तुम्हाला नवे हार्ड स्पॉट देईल. पूर्ण पोरिंगभर बारीक धार पडत राहिली पाहिजे, सुरुवातीला एकदम ओतून चालणार नाही. या दोन्हींचं सिलिकॉन मिळून ०.२६ होतं, बेस १.७५ असेल तर फायनल २.०० येईल. तुमचं जुनं टेन्साइल तिथेच होतं.

आधीच ओतलेल्या पार्टबद्दल लेथवाल्यांनी विचारलं आहे. ९०० ते ९५० अंशांना दोन-तीन तास धरलं तर कार्बाइड मोडतं, कड नरम होते. पण थंड कसं करता त्यावर फेराइट ठरतं, सावकाश केलं तर ताकद जाते आणि ग्रेड २५० राहात नाही. पार्टवर स्केल धरतं ते वेगळंच. ग्राहकाला सांगितल्याशिवाय असे पार्ट पाठवू नका.


नायटल:

मी लॅबवाली. जुना ओतारी यांच्याशी जवळपास पूर्ण सहमत आहे, एका मुद्द्यावर भर द्यायचा आहे. चिल दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. पांढरं येण्याच्या एक पायरी आधी डी टाइप ग्राफाइट येतं (ए, डी ही ग्राफाइटच्या आकाराची वर्गवारी).

आठव्या-नवव्या बॉक्सची कड कापून पॉलिश करा आणि एच न करता (आम्ल न लावता) १०० पटीत बघा. चांगली इनॉक्युलेशन असेल तर ए टाइप दिसेल: मोकळ्या, विखुरलेल्या, वाटेल त्या दिशेच्या पाकळ्या. मेटल जास्त अंडरकूल झालं (न थिजताच फार खाली उतरलं) असेल तर डेंड्राइटच्या (झाडासारख्या फांद्यांच्या स्फटिकांच्या) मधल्या जागेत दाटीवाटीने बसलेलं अगदी बारीक ग्राफाइट दिसेल, ते डी. मग नायटलने (अल्कोहोलमधल्या पातळ नायट्रिक आम्लाने) एच करा, डीच्या आजूबाजूला फेराइट सापडेल, कारण ग्राफाइट इतकं जवळजवळ असतं की कार्बनला फार लांब जावं लागत नाही. याचा परिणाम असा की मशीन शॉपला हा भाग छान नरम वाटतो आणि कोणाची तक्रार येत नाही, पण घासणाऱ्या जागी तो लवकर झिजतो आणि ताकदही कमी असते. माझ्याकडे एक वाल्व गाइड असंच आलं होतं, चिल कुठेच नव्हतं, हार्डनेसही बसत होता, पण झिजून परत आलं. फोटो घेतला तर सगळीकडे डी. म्हणून इनॉक्युलेशन ठीक आहे की नाही हे ठरवताना मी वेजच्या बरोबरीने हा फोटो मागते. पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या बॉक्सचा, एकाच जागेवरून कापलेला.

पोकळ्यांसाठी पर्याय म्हणून स्ट्रॉन्शियमवालं इनॉक्युलंट ध्यानात ठेवा. ते चिल चांगलं मारतं, पण सेलची संख्या त्या मानाने कमी वाढवतं, त्यामुळे श्रिंकेजचा (आकसून पडणाऱ्या पोकळ्यांचा) त्रास कमी होतो. त्या मिश्रणात कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, म्हणून साध्या इनॉक्युलंटबरोबर एकत्र मिसळून वापरू नका.

आणि थर्मल अ‍ॅनालिसिसचा कप असेल तर टेल्युरियम नसलेला वापरा. टेल्युरियमवाला कप मेटलला मुद्दाम पांढरं थिजवतो, तो कार्बन इक्विव्हॅलंट मोजायला. इनॉक्युलेशन बघायचं तर साध्या कपात युटेक्टिकचं (शेवटचं मेटल थिजतानाचं) सगळ्यात खालचं तापमान बघा. ते जितकं खाली, तितके कण कमी.


गोल_ग्राफाइट:

आमचं काम एसजीचं आहे. वरचं सगळं तिथेही लागू होतं का?


जुना ओतारी:

घड्याळाचं लागू होतंच, उलट जास्त. मॅग्नेशियमने मेटलची पांढरं होण्याची ओढ वाढते, त्यामुळे एसजीला इनॉक्युलेशन ऐच्छिक नसतंच. आणि तिथे दोन घड्याळं एकदम चालतात, मॅग्नेशियमचं आणि इनॉक्युलंटचं. बारीक भागात कार्बाइड आलं तर नोड्यूल काउंट (ग्राफाइटच्या गोळ्यांची संख्या) बघा, कमीच सापडेल. बिस्मथ आणि थोडं रेअर अर्थ असलेलं इनॉक्युलंट पातळ भागात नोड्यूल चांगले वाढवतं. जाड भागात रेअर अर्थ जपून, नाहीतर मध्यभागी चंकी (गोल न राहिलेलं, तुटक) ग्राफाइट येतं आणि लांबण्याची क्षमता कोसळते. सल्फर वाढवायचा सल्ला मात्र तुमच्यासाठी अजिबात नाही.

एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण मला ती आवडते. १९२० च्या दशकात ऑगस्टस मीहान यांनी जे मेटल एरवी पांढरं थिजलं असतं, त्यात लॅडलमध्ये कॅल्शियम सिलिसाइड घालून ते करडं थिजवलं, आणि त्या बिडाची ताकद त्या काळच्या साध्या बिडापेक्षा बरीच जास्त निघाली. मीहानाइट हे नाव तिथून आलं. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९४८ मध्ये, एसजी आयर्न जगापुढे आलं. पण लॅडलमध्ये शेवटच्या क्षणी मूठभर काही घातल्याने आख्ख्या बिडाचा स्वभाव बदलतो, ही समज त्याच्या आधीची आहे. ती लॅडलवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे, म्हणून त्याला हे समजावून सांगायला हवं. त्याला आकडा दिला, पण वेळेचं कारण सांगितलं नाही, तर तो 'वेळ वाचवायला' तळाशीच टाकणार.


करडं_बीड:

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे.

सगळ्यात आधी तीन वेज ओतल्या, जुन्याच पद्धतीवर, ०.३ टक्के इनॉक्युलंटने. पहिल्या बॉक्सबरोबरची ३ मिमी, सहाव्याबरोबरची ६, बाराव्याबरोबरची ९. न घालता ११ होती, म्हणजे शेवटच्या बॉक्सपर्यंत इनॉक्युलंट जवळपास संपलेलं होतं. काकांनी सांगितलं तसं तिन्ही तुकडे पोरिंगच्या टीमपुढे ठेवले. आमचे पोरिंगचे मुकादम बराच वेळ तिसरा तुकडा हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी जितका हळू, तितकं पांढरं." दुसऱ्या दिवसापासून लॅडल धरल्यावर वेळ ते स्वतःच खडूने लिहायला लागले.

मेटल धरणं बंद करायला सगळ्यात जास्त भांडावं लागलं, कारण ते मोल्डिंगच्या वेळापत्रकावर येतं. आता नियम केला आहे: १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर १४०० वर उतरवायचं. सल्फर दोन हीटमध्ये ०.०६२ वर आला. एवढ्यानेच इनॉक्युलंटच्या आधीची वेज ११ वरून ७ वर आली. त्या दिवशी इनॉक्युलंटमध्ये काहीच बदल केलेला नव्हता, म्हणून हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो.

१२५ चे दोन टॅप चालू आहेत, एका लॅडलला साडेसहा ते सात मिनिटं. शेवटचा बॉक्स १३४५ च्या आसपास जातो. बेरियमवालं ०.२५ टक्के, टॅपिंगच्या धारेत. पोरिंगच्या धारेतलं इनॉक्युलेशन अजून पक्कं बसलेलं नाही. लहान भोकाचं नरसाळं करून घेतलं आहे, पण १९ ग्रॅम कधी चार सेकंदांत संपतात, कधी बॉक्स भरून झाल्यावरही अर्धे उरतात. भोकाचा व्यास बदलून बघतो आहोत.

नायटल ताई, कडेचे फोटो काढले. आधीच्या नवव्या बॉक्समध्ये खरंच डी होतं, जिथे आम्ही 'चिल नाही, पास' म्हणून सोडलं होतं. आता सहाव्या बॉक्सच्या कडेला ए आहे, अगदी टोकाला १ मिमी एवढं डी उरलं आहे. बॉसमधल्या पोकळ्या शेवटच्या ८४ कास्टिंगमध्ये एकही नाही, बॉस कापून आणि अल्ट्रासॉनिकने दोन्ही बघितलं. टेन्साइल २६६, फायनल सिलिकॉन १.९८.

लेथवाले दादा, कडेवर फाइल मारायचं काम आता फेटलिंगमध्येच (कास्टिंग साफ करतात तिथेच) होतं. काल दोन पार्टवर फाइल घसरली. दोन्ही एकाच लॅडलचे, पाचवा आणि सहावा बॉक्स. खडूने लिहिलेली वेळ बघितली तर त्या लॅडलला ११ मिनिटं लागली होती, मध्ये क्रेन अडकली होती. क्रेन अडकली तर उरलेलं मेटल मोल्डमध्ये न ओतता परत भट्टीत घ्यायचं, असं आज ठरवलं आहे. ती मर्यादा ८ मिनिटांवर ठेवू की ९ वर, यावर काकांचं मत हवं आहे.


जुना ओतारी:

८ वर ठेवा. सहाव्या बॉक्सच्या टोकाला अजून १ मिमी डी आहे, म्हणजे सात मिनिटांनाच तुम्ही काठावर आहात. नरसाळं नीट बसलं आणि बारीक दाणा पोरिंगभर जायला लागला की परत तीन वेज ओता, तेव्हा ९ चा विचार करू. आणि मुकादमांना माझा नमस्कार सांगा.